अकरा वेळा पाहिलेल्या सिनेमाचा शेवट

डोळे मिटा बरं. पूर्ण नको, नाहीतर पुढचं वाचणार कसं? मनातल्या मनात मिटा.

आता असं समजा, की तुम्ही पत्र्याच्या एका मोठ्या थिएटरात लाकडी बाकावर बसला आहात. वर पंखे गरगरतात, पण वारा कुणालाच लागत नाही. पश्चिमेच्या पत्र्याला हरभऱ्याएवढं एक भोक आहे. त्यातून उन्हाची बारीक काडी आत येऊन समोरच्या भिंतीवर टेकली आहे आणि सावकाश वर चढते आहे. पडद्यावर एक म्हातारा कुलुपवाला तिजोरीच्या दांड्यावर हात ठेवून उभा आहे. दांडा ओढावा, की नको? सगळं थिएटर गप्प. पाठीमागच्या माणसाचा श्वास तुमच्या मानेला लागतो आहे. आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला उठून घरी जावं लागणार आहे.

उठला असता का? विचार करून ठेवा. तोवर मी प्रांजलची गोष्ट सांगतो.

प्रांजल सहावीत आहे. दर रविवारी आमच्या गावच्या वाचनालयात मी मुलांना जमवतो, तिथं ती पहिल्या रांगेत बसते आणि मला एकही वाक्य सरळ पूर्ण करू देत नाही. मध्येच विचारते, "पण गुरुजी, असं का?" मला ते आवडतं. नोकरीत असताना वेळापत्रक आड यायचं. आता मी निवृत्त आहे, वेळापत्रक नाही.

गेल्या डिसेंबरात मुलांनीच टूम काढली, की वाचनालयात एक जुना सिनेमा दाखवायचा. कुठला, हे ठरवायला वेळ लागला नाही. आमच्या गावात सिनेमा म्हटलं की जुन्या माणसांच्या तोंडी एकच नाव येतं, 'आठवी चाबी'. पंचेचाळीस वर्षांपूर्वी तो माधवनगरला सहा आठवडे चालला होता. तिथल्या कापडगिरणीची पहिली पाळी अडीचला सुटायची आणि तीनच्या खेळाला कामगार अंगावरच्या सुताच्या तुसांसकट जाऊन बसायचे.

गोष्ट साधी आहे. समुद्रातल्या एका बेटावर एक कॅसिनो असतो. कॅसिनो म्हणजे जिथं श्रीमंत लोक पत्त्यांवर आणि फिरत्या चाकावर पैसे लावतात ती जागा. खेळणारा क्वचित जिंकतो, मालक रोज जिंकतो. त्या मालकाची तिजोरी सहा माणसं लुटायची ठरवतात. तिला सात चाव्या, सात माणसांच्या कमरेला. आठवी कुणाकडेच नाही. ती त्या सहांपैकीच उस्ताद नावाच्या म्हाताऱ्या कुलुपवाल्याला स्वतःच्या हातानं घडवायची असते. अडचण अशी, की ते कुलूप तरुणपणी त्यानंच केलेलं असतं आणि 'माझं कुलूप मी कधी फोडणार नाही' असा त्यानं आपल्या गुरूला शब्द दिलेला असतो. अडीच तासांच्या सिनेमात एकही गोळी सुटत नाही. तरी माणसं बाकाला धरून बसायची.

मुलांपैकी कुणी तो पाहिला नव्हता, पण गोष्ट सगळ्यांना पाठ होती. कारण प्रांजलचे आज्जा, शांतिनाथ. तरुणपणी ते त्याच गिरणीत मागावर होते. त्यांनी 'आठवी चाबी' अकरा वेळा पाहिला होता आणि तेव्हापासून गावातल्या तीन पिढ्यांना सांगितला होता. शेंगा फोडताना, उसाला पाणी देताना, लग्नाच्या पंगतीला उशीर होत असताना. सांगताना ते उस्तादासारखे बोटं चोळायचे आणि पोरं त्यांच्या बोटांकडे बघत राहायची.

खेळाच्या आधी जुन्या प्रेक्षकांचे अभिप्राय गोळा करायचं काम मी प्रांजलला दिलं. वाचनालयातला मोठा काळा फळा तिच्या ताब्यात दिला. त्यावर आम्ही चार रकाने आखले: नाव, किती वेळा पाहिला, दिसलं आणि वाटलं.

"दिसलं आणि वाटलं यात फरक काय?" तिनं विचारलं.

"पडद्यावर जे होतं ते दिसलं. ते पाहून तुझ्या मनात जे झालं ते वाटलं. दोन्ही मोलाचं आहे. फक्त एकाचं दुसऱ्याच्या घरात ठेवायचं नाही."

तिनं मान हलवली आणि वही घेऊन गावात सुटली.

पहिली गाठ पडली लालासाहेबांची. लालासाहेब म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, शांतिनाथांच्या बांधाला बांध लागून त्यांचा ऊस. दोघांची मैत्री शाळेपासूनची आणि भांडण या सिनेमापासूनचं.

"लिही," लालासाहेब मिशी पुसत म्हणाले, "एक लंबर पिक्चर! त्या सा जणांची तयारी बघ. आधी रेकी. कुठला शिपाई कवा तंबाखू मळतोय, हे सुदिक टिपून ठिवलंय. आमच्या पलटणीत असली माणसं असती तर आमाला एवढं पळायला लागलं नसतं. आन शेवटाला समदा पैसा घिऊन नावंतनं पसार! तुझा आज्जा काय सांगतोय, परत ठिवतात म्हणं. डोंबलाचं परत ठिवतात! परत ठिवायचं व्हतं तर अडीच तास घाम कशापायी गाळला?"

पुढं धोंडुबाई. त्यांनी कडेवर लेकरू घेऊन एकदा पाहिलेला. "लय भारी व्हता गं," त्या म्हणाल्या, "पर एक सांग. एवढी मोठी हाटेलं, एवढी माणसं, आन त्या चोरांतलं एकबी कुनी जेवताना दावलं न्हाई. उपाशीपोटी एवढं डोकं चालतंय व्हय कुनाचं?" प्रांजलनं ते 'वाटलं'मध्ये लिहिलं. मग थांबून, जेवताना कुणी दाखवलं नाही एवढंच 'दिसलं'मध्येही लिहिलं. मला तिचा अभिमान वाटला.

डोळे दाखवायला आज्जी मिरजेला निघाली, तशी प्रांजलही वही घेऊन तिच्याबरोबर गेली. दवाखान्यातून परतताना तिनं आज्जीला तंबोऱ्यांच्या दुकानाकडे ओढत नेलं. सिनेमात गाणारी बाई तंबोऱ्याच्या भोपळ्यात दोर लपवून कॅसिनोत नेते ना! भोपळ्याला रंग देत बसलेल्या एका वृद्ध कारागिरानं तो सिनेमा पाहिला होता. ते हसले. म्हणाले, "बेटा, भोपळ्यात दोर भरला तर तंबोरा बोलणारच नाही, गप होईल. आणि पिक्चरमध्ये तर काय गोड बोलत होता! पण तिचा हात मी बघितला होता. तारा छेडायची तिची बोटं खरी होती. ज्यानं तिला शिकवलं, त्यानं मन लावून शिकवलं. म्हणून दोराची चूक माफ." त्यांनी तो तीनदा पाहिला होता, तिन्ही वेळा त्या बोटांसाठी.

असा फळा भरत चालला. राहिले होते आज्जा. त्यांना प्रांजलनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, जेवणात गोड शेवटी ठेवतो तसं.

त्या दिवशी अंगणात आज्जा विळ्याला धार लावत होते. प्रांजलनं विचारलं आणि ते सुरू झाले. वेटरच्या कोटाला पाच गुंड्या होत्या, त्यातली चौथी तुटलेली. फिरत्या चाकाजवळच्या बाईच्या कानात हिरवे खडे होते. उस्ताद चावी घासताना आधी जिभेनं ओठ ओला करायचा. पहारेकरी जिन्यावरून उतरताना सतरा पायऱ्या मोजायचा आणि गाणारी बाई त्या पायऱ्यांच्या तालावर गायची. प्रांजलची चार पानं भरली. मग उस्ताद दांड्याला हात लावतो तिथं गोष्ट आली.

"आणि शेवट?"

"शेवट म्हंजी," आज्जा विळ्याकडे बघत म्हणाले, "त्यो उघडतोय तिजोरी. आन समद्यांस्नी म्हणतोय, उघडून दावली, बास झालं. चोरी करायची न्हाई. समदं परत ठिवतात."

"त्याच्या अंगात कपडे कुठले होते तेव्हा?"

"आं?"

"परत ठेवताना कोण आधी ठेवतं? ती गाणारी बाई काय म्हणते?"

विळा दगडावर फिरायचा थांबला. "ते काय एवढं ध्यानात न्हाई," आज्जा म्हणाले आणि पाणी प्यायला उठून गेले.

प्रांजल वहीकडे बघत राहिली. चार पानं गुंड्या, खडे आणि पायऱ्या. शेवटाला एकच ओळ, आणि तिच्यात एकही गुंडी नाही.

स्वयंपाकघरात आज्जी, म्हणजे गुणमालाबाई, भाकरी थापत होत्या. त्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. मावळल्यावर अन्नाचा कण नाही. प्रांजल त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"आज्जी, आज्जा गिरणीत होते तेव्हा पण दिवस मावळायच्या आत जेवायचे?"

"तर! एक दिस चुकलं न्हाईत. तुझी पणजी लय कडक. पोरगं जेवल्याबिगर आपुन जेवायची न्हाई, असा तिचा नेम. ह्यास्नी उशीर झाला की ती बी उपाशी. मग दोघंबी दुसऱ्या दिशी सकाळपत्तुर."

"माधवनगरहून घरी यायला किती वेळ लागायचा?"

"सायकलीवर अर्धा तास की."

तीनचा खेळ. मध्यंतर धरून सुटायला पावणेसहा. अर्धा तास सायकल. हिवाळ्यात दिवस मावळतो सहाला. प्रांजलला गणित बरं येतं. त्या दिवशी ते तिला नको असतानाही आलं.

आज्जा परड्यात एकटे बसले होते. ती जाऊन शेजारी बसली. आज्जाच म्हणाले, "पश्चिमेच्या पत्र्याला एक भोक व्हतं बघ. त्यातनं ऊन यायचं. भिंतीवर सुपारीची जाहिरात रंगवल्याली. ऊन त्या सुपारीवर आलं, की मी उठायचो. माझ्याकडं घड्याळ न्हवतं. आन दर टायमाला ऊन सुपारीवर आन उस्तादाचा हात दांड्यावर. अकरा टायमाला."

"मग डबा न्यायचा ना बरोबर."

"आई घरी वाट बघत बसल्याली. पिक्चर काय आपल्यासाठी थांबतंय व्हय? आईच थांबती."

"मग शेवट तुम्ही सांगितला तो..."

"सायकलीवर जुळवला. रोज त्याच वाटेनं यायचो, डोक्यात त्योच ईचार. उस्तादानं शब्द दिलाय, मग त्यो मोडंल कसा? मला खात्रीच पटली बाळा. पहिल्यांदा कुनाला सांगितला तवा वाटलं, आता सांगू, मी बघितला न्हाई म्हणून. पर समोरची पोरं एवढी खूश झाली. मग ऱ्हायलं ते ऱ्हायलंच." त्यांनी तिचा हात धरला. "गावात माझ्या शब्दावर माणसं बांध ठरवतात, प्रांजल. शांतिनाथ म्हणला म्हंजी झालं, म्हणतात. लालाला कळलं तर चावडीवर गाजवंल. तू कुनाला सांगू नगंस."

"नाही सांगणार," प्रांजल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आज्जांची ओळ लिहिताना तिचा खडू दोनदा तुटला. 'अकरा वेळा.' दिसलं: 'शेवटी सगळं परत ठेवतात.' लिहून झाल्यावर ती माझ्याकडे आली.

"गुरुजी, एखादी गोष्ट माणसाला दिसली नसेल, पण त्यानं पंचेचाळीस वर्षं सांगितली असेल, तर ती कुठल्या रकान्यात जाते?"

मी तिच्याकडे पाहिलं आणि फळ्याकडे मुद्दाम पाहिलं नाही. "ज्याची गोष्ट आहे, त्यानंच ते सांगावं. आपण त्याच्या वतीनं हलवू नये."

"आणि त्यानं सांगितलं नाही तर?"

"तर त्याला ते सांगणं सोपं कसं होईल, एवढं आपण बघावं."

ती घरी गेली आणि आज्जांना म्हणाली, "रविवारी खेळ तीनला सुरू. मध्यंतर नाही. साडेपाचला संपतो. दिवस मावळतो सहा वाजून दोन मिनिटांनी. घर चार मिनिटांवर. आज्जा, तुम्ही शेवट बघणार. आधी बघा. मग काय बोलायचं ते तुम्ही ठरवा."

आज्जांनी बोटांवर हिशोब केला, पुन्हा केला. "यीन," ते म्हणाले. रविवारी त्यांनी नवी टोपी काढली.

सहा चोरांनी कॅसिनोतल्या प्रत्येक मिनिटाचा विचार केला होता. प्रांजलनंही केला होता. तिच्या हिशोबात एकच गोष्ट नव्हती, आणि ती माझी चूक. जुन्या प्रेक्षकांचा सत्कार करायचं मी ठरवलं होतं. आमच्याकडे सत्कार म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. शाल आली, नारळ आला. पाहुणे सांगलीहून यायला वीस मिनिटं उशीर. मग त्यांनी 'मी दोनच शब्द बोलणार आहे' असं म्हटलं, आणि हे वाक्य आमच्या भागात कधी खरं ठरलेलं नाही. प्रांजल लॅपटॉपजवळ बसून माझ्याकडे अशी बघत होती, की मला माझ्या सगळ्या परीक्षा आठवल्या. खेळ सुरू झाला तेव्हा चार वाजायला वीस मिनिटं होती.

पण सिनेमा! बाळांनो, मी तो प्रथमच पाहत होतो. पहिल्या पाच मिनिटांत पाहुण्यांचं भाषण विसरलो. चाक फिरतं आणि घर्रघर्र आवाज हळू होत जातो, तेव्हा वाचनालयातली लहान पोरंही श्वास धरून बसली. ती बाई गाऊ लागली तेव्हा मिरजेच्या कारागिरांचं म्हणणं पटलं. बोटं खरी होती. वेटर आला तेव्हा पोरांनी एकसुरात गुंड्या मोजल्या, "एक, दोन, तीन... चौथी तुटली!" आणि सगळे आज्जांकडे बघून हसले. शब्दाशब्दाला आज्जा खरे निघत होते. पहारेकरी सतरा पायऱ्या उतरला तेव्हा तर टाळ्या पडल्या. लालासाहेब मागून म्हणाले, "पाठांतर चांगलं हाय गड्याचं!" आज्जा मात्र हसले नाहीत. ते पडद्याकडे कमी आणि पश्चिमेच्या खिडकीकडे जास्त बघत होते.

खिडकीला आम्ही काळं कापड लावलं होतं. त्याच्या फटीतून उन्हाची एक काडी आत आली होती आणि भिंतीवर चढत होती. घड्याळाची गरज नव्हती. आज्जांनी आयुष्यात तेच घड्याळ पाहिलं होतं.

उस्ताद तिजोरीपाशी आला. ओठ ओला केला. आठवी चावी फिरली. त्यानं दांड्यावर हात ठेवला.

आणि आज्जा उठले.

इतक्या वर्षांच्या सवयीनं उठले, की ठरवून, ते मला कळलं नाही. त्यांनी टोपी नीट केली आणि दोन बाकांच्या मधून दाराकडे निघाले. त्यांची सावली पडद्यावर उस्तादाच्या अंगावर पडली. सगळ्या खोलीनं त्यांना पाहिलं.

"ए शांत्या," मागून लालासाहेब ओरडले, "बस की रं खाली! पंचवीस मिनिटं ऱ्हायली. नेमका आत्ता कुठं?"

"दिवस मावळतोय, लाला."

"आरं पर शेवट!"

आज्जा दारात थांबले. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. "तुमी बघा," ते म्हणाले. "पिक्चर काय कुनासाठी थांबत न्हाई."

तेव्हा प्रांजलनं हात पुढं केला आणि लॅपटॉपच्या लांब बटणावर बोट ठेवलं.

सिनेमा थांबला.

उस्तादाचा हात दांड्यावर तसाच राहिला. संगीत थांबलं. खोलीत इतकी शांतता झाली, की बाहेरच्या म्हशीच्या गळ्यातली घंटी ऐकू आली. आम्ही मोठी माणसं वेळेची जुळवाजुळव करत होतो, तीनला सुरू, साडेपाचला संपणार, असं मोजत होतो. बटण सगळ्यांना माहीत होतं. प्रांजलही रोज ते दाबते. पण आज्जांचं 'थांबत नाही' इतकं जुनं होतं, की तिलासुद्धा ते त्या क्षणापर्यंत खरंच वाटत होतं.

"थांबलं, आज्जा," ती म्हणाली. "जेवून घ्या. आम्ही बसतो."

गुणमालाबाईंनी पदराखालून डबा काढला. त्यांनी तो आणलाच होता. नवऱ्याचं घड्याळ त्यांना नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक. आणि मग गंमत झाली. मधल्या बाकावरचे भरतेश, ज्यांची चुळबुळ मी मघापासून पाहत होतो, "मग मी बी जरा..." म्हणत उठले. त्यांच्यामागून हीच रीत पाळणारी आणखी दोन घरं, आपापले डबे घेऊन. पाच मिनिटांत वाचनालयाच्या पायऱ्यांवर पंगत बसली. भाकरी, मुगाची उसळ, शेंगांची चटणी. बाकीचे त्यांना पाणी देत होते. धोंडुबाई म्हणाल्या, "बघा, ह्या पिक्चरमंदी आज पहिल्यांदा कुनीतरी जेवतंय!"

लालासाहेब येऊन आज्जांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या भाकरीचा कोपरा मोडून घेतला. आज्जांनी घास हातात धरला होता, तोंडात घातला नव्हता.

"लाला," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण पायऱ्या गप्प झाल्या. "मी शेवट बघितला न्हाई. कंदीच न्हाई. अकरा टायमाला हितनंच उठून गेलो. मी सांगितला त्यो माझा मीच जुळवला. समद्यांस्नी खोटं सांगितलं."

प्रांजलनं माझा हात घट्ट धरला.

लालासाहेब चटणीत भाकरी बुडवत राहिले. "मला ठावं हाय," ते म्हणाले.

"काय?"

"मी रजेवर आलतो, तवा तुझ्याच मागल्या बाकावर व्हतो. तू उठलास आन माझ्या पायावर पाय दिऊन गेलास. आठ दिस अंगठा काळानिळा!"

"आरं मग पंचेचाळीस वर्सं बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो तर भांडलो कुनाशी असतो?" लालासाहेब म्हणाले. "खा गप. दिवस चाललाय. तुझी आई असती तर मला शिव्या दिल्या असत्या."

आज्जा हसले, आणि डोळे पुसत जेवले. शेवटचं पाणी प्याले तेव्हा उसाच्या तुऱ्यांवर सूर्याची कड अजून शिल्लक होती.

सगळे आत आले. प्रांजलनं आज्जांना आपल्याजवळच्या खुर्चीत बसवलं आणि बटण दाबलं.

उस्तादानं दांडा ओढला. आज्जांच्या तोंडून 'अरेरे' निघालं. शब्द मोडला होता. तिजोरी उघडली, बाकीच्या पाच जणांनी पिशव्या भरल्या, पाण्यावर नाव आली. "बघ! नाव! काय सांगत व्हतो मी?" लालासाहेब उभेच राहिले, जणू सायकल काढायला निघालेत. पण सिनेमा संपला नव्हता. नावेत पाचच माणसं होती. उस्ताद मागं फिरला. रिकाम्या तिजोरीपाशी गेला. त्यानं आपली हत्यारांची पिशवी उघडली, एकेक कानस, एकेक चावी पुसली, सगळी तिजोरीत मांडली, आणि तिचं दार लावून टाकलं. शब्द मोडणाऱ्या हातानं यापुढं काम करायचं नाही, म्हणून. मग तो रिकाम्या हातांनी उजाडत्या रस्त्यानं चालत गेला. पडदा पांढरा झाला.



"हे मी बघितलं न्हाई," लालासाहेब हळूच म्हणाले. "नाव दिसली की आमी पळायचो. सायकल स्टँडवर गर्दी व्हायची."

"त्यानं ठिवलं की परत," आज्जा म्हणाले. "पैसा न्हाई ठिवला. पर ठिवलं." थोडं थांबून ते प्रांजलकडे वळले. "माझ्यापेक्षा लय चांगला केलाय गं शेवट त्यांनी. त्यो फळ्यावरचा माझा, त्यो दिसला न्हवता मला. नीट कर तेवढं."

प्रांजल फळ्यापाशी गेली. मला वाटलं, ती ओळ पुसून टाकील. तिनं आधी 'दिसलं'मधली ओळ पुसली. मग तीच ओळ, शब्दही न बदलता, शेजारच्या 'वाटलं'च्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहिली: 'शेवटी सगळं परत ठेवतात.' 'अकरा वेळा'च्या पुढं लिहिलं: 'आणि एकदा पूर्ण.'

मग तिनं पुसायचं फडकं झटकलं, एक पायरी बाजूला सरकली, आणि 'दिसलं'मधल्या लालासाहेबांच्या 'शेवटी सगळा पैसा घेऊन पसार' या ओळीवर खडू टेकवून त्यांच्याकडे बघत उभी राहिली.